हे अक्षर डॉक्टरांचं नाही

थोर शास्त्रज्ञांची आणि नामांकित डॉक्टरांची हस्तलिखित पत्रं जमवणारा माणूस म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे हातमोजे घालून थंडगार खोलीत भिंगातून बघणारा कुणी बडा गृहस्थ येतो. मी तुमसरचा रद्दीवाला आहे. भिंग माझ्याकडेही आहे, पण ते शेजारच्या घड्याळवाल्याच्या रद्दीत आलेलं. राइस मिलच्या भिंतीला लागून असलेल्या गाळ्यात चाळीस वर्षं तराजूसमोर बसलो, कोंड्याची धूळ खाल्ली आणि वर्तमानपत्रांच्या ढिगातून अशी अशी पत्रं उपसून काढली, की पुण्या-मुंबईचे संग्राहक माझा पत्ता विचारत आले. आता गाळा बंद केला. पत्रांचा नाद मात्र सुटलेला नाही आणि सुटेल असं वाटतही नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात जे घडलं ते मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. "पानठेलेवाल्याले बी पाठ होऊन गेलं, आता तरी पुरे करा ना जी," असं आमच्या घरून बजावलं गेलंय. पण घडलंच तसं. ज्या एका डॉक्टरांच्या अक्षराचा जाणकार म्हणून मी जन्मभर मिरवलो, त्यांच्या स्वतःच्या हातचं पत्र एकदा आपण होऊन माझ्या दुकानात आलं होतं. मी ते खोटं ठरवून परत पाठवलं. ते घेऊन आलेल्या माणसाचं त्या पत्रात काय अडकलं होतं, हे मला यंदा कळलं. सगळं सांगतो. पण आधी धंदा थोडा समजून घ्या, नाहीतर माझी चूक तुमच्या लक्षात यायची नाही.

सुरुवात माझ्या आईपासून झाली. आईला हत्तीपाय होता. लुगडं घोट्याखाली ओढून ओढून ती चालायची, आणि लग्नकार्यात तर जायचंच टाळायची. तेव्हा भंडाऱ्याच्या अलीकडे हत्तीपायाचे एक डॉक्टर होते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलीची तशी इच्छा आहे, आणि आमच्या जिल्ह्यात ते लिहायची गरजही नाही. पाय रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, रात्री पायाखाली उशी घ्यायची, जखम लपवायची नाही. एवढ्या साध्या गोष्टी त्यांनी हजारो बायाबापड्यांकडून नेमानं करून घेतल्या. पुढे परदेशातले डॉक्टर त्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून ते बघायला येत. आणि कुठल्याही रोग्याचं पत्र आलं की त्याला उत्तर जायचंच, तेही सुरेख हस्ताक्षरात. आईलाही आलं होतं. "पाय रोज धुवा. कामाचा दिवस असो की सणाचा, आधी पाय, मग चूल. कळावे. काळजी घ्यावी." मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. काय ते अक्षर! सरळ उभं, गोल पोटाचं, शिरोरेषा एका दमात ओढलेली. मी पाटीवर त्याची नक्कल करायचो.

पुढे रद्दीचं दुकान टाकलं. एका वारलेल्या गुरुजींच्या घरून पोतंभर कागद आले, तराजूत टाकताना एक पोस्टकार्ड घसरून खाली पडलं. तीच शिरोरेषा! तोच ल! गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी जमिनीवर मांडी घालून कार्ड वाचत होतो. ते माझं पहिलं पत्र. त्या दिवसापासून मी रद्दी नुसती तोलली नाही, चाळली.

आमच्या भागात पत्रं कशी सापडतात ते सांगतो. जुन्या घरांत आलेलं पत्र वाचून झालं की भिंतीवरच्या तारेच्या आकड्याला टोचून ठेवायचे. एकावर एक, वर्षानुवर्षं. त्यामुळे इकडच्या पत्राला मधोमध भोक असतंच. मुंबईचा एक संग्राहक ते भोक बघून नाक मुरडायचा. मी म्हणायचो, साहेब, भोक आहे याचा अर्थ पत्र घरात मानानं लटकलं होतं. कसर आणि वाळवीपेक्षा मला भीती वाटते ती घरातल्या हौशी माणसाची. पोरांनी तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा कापलेला असतो, फाटलेल्या घडीवर कुणी चिकटपट्टी मारलेली असते, आणि अगदी प्रेम उतू गेलं तर पत्र लॅमिनेट केलेलं असतं. एका मिलमालकाच्या घरी तर भाताच्या रोगांवर काम केलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाचं चार पानी पत्र होतं, आणि त्यावर मिलमालकाच्या आईनं ब्लाउजचं माप आखून कात्री चालवली होती. पाठीचा भाग मिळाला. बाहीवर करप्याबद्दल काहीतरी महत्त्वाचं होतं, ते अजून सापडलेलं नाही.

प्रत्येक सापडलेलं पत्र विकायचं नसतं, हेही मी हळूहळू शिकलो. करडी गावात एका म्हाताऱ्या बाईंकडे त्यांच्या भावाची पत्रं होती. भाऊ नावाजलेला आहारशास्त्रज्ञ. लाखोळीची डाळ खाऊ नका, पायातली शक्ती जाते, हे त्यानं आयुष्यभर व्याख्यानांतून सांगितलेलं. आणि बहिणीला पत्रात काय लिहितो? "येताना दोन पायल्या लाखोळी आण, इथे वासही मिळत नाही, आणि घरात कुणाला सांगू नकोस." मी तर तिथल्या तिथे उडीच मारली. असं पत्र मिळायला संग्राहक काय वाटेल ते करतील. बाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "बाबू, हे कोनाले दाखवजो नोको. लोकं हासतीन माह्या भावाले." मी पत्र घडी करून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मला लाखोळीचे वडे खाऊ घातले. आता त्या नाहीत, म्हणून नाव न घेता एवढं सांगतोय.

आता मुद्द्याचं. पत्र खरं की खोटं हे कसं ओळखायचं? आमच्या कामात त्यासाठी एक नमुना लागतो. ज्याच्याबद्दल तिळमात्र शंका नाही असं त्या माणसाचं एक पत्र. बाकीची सगळी त्याच्याशी ताडून बघायची. कागद बघायचा, शाई बघायची, पण शेवटी वळण बघायचं. हत्तीपायाच्या डॉक्टरांच्या बाबतीत माझा नमुना होता आईचं पत्र. त्याहून पक्का पुरावा कुठला असणार? डॉक्टरांची कीर्ती वाढली तशी त्यांच्या पत्रांना मागणी आली, आणि त्यांच्या नावावर खपवलेली पत्रंही यायला लागली. संग्राहक मला विचारायचे. मी भिंग लावायचो, आईचं पत्र बाजूला ठेवायचो, आणि पटलं तर मागे चिठ्ठी जोडायचो, "अक्षर तपासले. डॉक्टरांच्या स्वतःच्या हातचे." खाली माझी सही. अशी एकोणीस पत्रं मी पुढे पाठवली. ती सही करताना मला जो काही मोठेपणा वाटायचा, तो आता आठवला की कानशिलं गरम होतात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी धोतर, पांढरा सदरा आणि टोपी अशा पोशाखातले एक वयस्क गृहस्थ दुकानात आले. पिशवीतून त्यांनी पाकीट काढलं.

"भाऊ, डॉक्टरसाहेबाची पत्रं तुमाले वाचता येते म्हनते. हे एवढं वाचून द्या ना जी."

मी कागद उघडला. ओळी होत्या, पण एक अक्षर धड नव्हतं. सगळं वाकडंतिकडं, शाईत बुडालेली मुंगी कागदभर फिरल्यासारखं. मी मोठ्या ऐटीत आईचं पत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"काकाजी, तुमाले कोनीतरी फसवलं. हे अक्षर डॉक्टरांचं नाही. हे पाहा, डॉक्टरांचं अक्षर असं राहते."

ते आईच्या पत्राकडे बराच वेळ बघत राहिले. शिरोरेषेवरून बोट फिरवलं. "चांगलं आहे," एवढंच म्हणाले. मी चहा मागवला, तो प्यायले, कागदाची घडी केली आणि गेले. त्यांचं नाव मी विचारलं नाही. घरी जेवताना मात्र हा किस्सा मी हसत हसत सांगितला होता.

यंदा एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला. त्यांना मी ताई म्हणतो. "मनोहरभाऊ, बाबांच्या जुन्या दवाखान्यात एक खोली त्यांच्या आठवणीसाठी ठेवतोय. तिथे त्यांची पत्रं लावायची आहेत. तुम्ही येऊन अक्षराची खात्री करून द्याल का?" मला काय, घोड्यावरच बसल्यासारखं झालं. इस्त्रीचा शर्ट घातला, आईचं पत्र फाइलमध्ये घातलं आणि पहिल्या बसनं निघालो.

खोलीत डॉक्टरांची खुर्ची होती, मागे फोटो, आणि काचेच्या कपाटात बरण्या. ताई पत्रं मांडत होत्या. मी सवयीनं कपाटाच्या तळाशी हात घातला, कारण खरा माल नेहमी तळाशी असतो, आणि एक जाड वही वर आली. औषधांच्या साठ्याची नोंदवही. पोटॅश, ग्लिसरीन, कापूस, गंधकाचं मलम. पहिलंच पान उघडलं. तीच शिरोरेषा. तोच ल. आणि प्रत्येक पानाखाली, "सुखदेव हटवार, कंपाउंडर."

मनाला मी लगेच समजावलं, की डॉक्टरांनी नोंदी लिहिल्या असतील आणि कंपाउंडरनं नुसती सही केली असेल. माणूस आपलं शहाणपण वाचवायला काहीही मान्य करतो. मग वहीतून एक सुटा कागद पडला. "मुलाचे लग्न असल्याने चार दिवसांची रजा मिळावी, ही विनंती." तेच अक्षर! आता कंपाउंडरच्या मुलाच्या लग्नासाठी डॉक्टर स्वतःकडेच रजेचा अर्ज तर करणार नाहीत. मी फाइलमधून आईचं पत्र काढून त्या अर्जाशेजारी ठेवलं. भिंगाची मुळी गरजच नव्हती.

ताईंना दाखवलं. त्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"बाबांचा उजवा हात थरथरायचा," त्या म्हणाल्या. "चाळिशीतच सुरू झालं होतं. घरात आम्हाला माहीत होतं. रोग्यांसमोर ते हात कोटाच्या खिशात ठेवायचे. पत्रं कोण लिहितं, हा प्रश्नच मला कधी पडला नाही."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. उजवा हात कोटाच्या खिशात होता. असले फोटो मी कितीतरी बघितले होते आणि ती त्यांची ऐट आहे असं समजत आलो होतो.

सुखदेव हटवार हयात आहेत, हेही ताईंनीच सांगितलं. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता पुनर्वसनाच्या गावात मुला-सुनेजवळ असतात. तीस वर्षं दवाखान्यात होते, मग एक दिवस अचानक काम सोडून गेले. बाबा वारले तेव्हाही आले नाहीत, याचं ताईंना वाईट वाटत होतं. मला मात्र त्या क्षणी दोनच गोष्टी कळत होत्या. माझ्या एकोणीस चिठ्ठ्या खोट्या होत्या, आणि ज्या हातानं माझ्या आईला पत्र लिहिलं तो हात अजून जिवंत होता! लाज आणि आनंद असे एकत्र आले की घरी येऊन मला जेवण सुचेना. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळीच निघालो.

पुनर्वसनाचं गाव म्हणजे सरळ रस्ते, एका मापाची घरं आणि अजून सावली न देणारी झाडं. सुखदेवजींची सून अंगणात कुरडया घालत होती. तिनं आत हाक मारली, "मामाजी, कोनी पाहुने आले जी!" मी उंबऱ्यात वाकलो आणि तिथेच थांबलो. खाटेवर बसलेले गृहस्थ मी ओळखले. त्यांनी तर मला कधीच ओळखलं होतं.

"तुमी तुमसरचे," ते म्हणाले. "बसा. तुमच्या आईचा पाय मंग पुढं कसा होता?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"तुमच्या दुकानात पायलं ना मी ते पत्र. आधी पाय, मंग चूल. साहेब सांगत होते अन् मी लिहित होतो. धुवत होती का रोज?"

"मरेपर्यंत धुतला, काकाजी. माह्या लग्नात मांडवात सगळ्यायच्या समोर बसली होती."

"बरं झालं," ते म्हणाले आणि समाधानानं मान हलवली.

मग मी विचारलं, जे रात्रभर माझ्या डोक्यात घुमत होतं. "त्या दिवशी एक शब्द काहून नाही बोलले? हे अक्षर माहं आहे, एवढं जरी सांगतलं असतं तरी माहे डोळे उघडले असते."

"कसा सांगू गा? साहेबाले जबान देली होती. डॉक्टरचा हात थरथरते हे समजलं, त कोन आपला पाय त्याच्या हातात देईन?"

साहेब जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, पण जबान जबानच होती. आणि मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

ते पत्र कुठलं, हे त्यांनी मला मग सांगितलं. डॉक्टर तीन दिवस नागपूरला गेले होते. मागे एका बाईचं पत्र आलं. पाय लाल झाला आहे, ताप आहे, धानाची कापणी चालू आहे, येऊ की थांबू? सुखदेवजींनी डॉक्टरांची वाट न बघता त्यांच्या नावानं उत्तर लिहून टाकलं, की पाय धुत राहा आणि कापणी झाली की या.

"मले वाटलं, कापनीच्या दिवसात बाईमानसाले घरून कोन सोडते? मी त तिची सोयच पायली. अन् इतके वर्सं उत्तरं लिहून लिहून मले बी वाटाले लागलं होतं, का आपल्याले समजते."

बाई उशिरा आली. नागपूरला नेऊन पाय कापावा लागला. डॉक्टर साऱ्या दवाखान्यासमोर कडाडले, "माझ्या नावानं यापुढे एक अक्षर लिहायचं नाही." सुखदेवजींनी त्याच दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दोन महिन्यांनी दवाखान्याचा शिपाई हे पाकीट हातात देऊन गेला. साहेबांनी स्वतः लिहिलंय, असं म्हणाला. औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा डॉक्टर तोंडी सांगायचे आणि सुखदेवजी लिहायचे, त्यामुळे ते अक्षर त्यांनाही लागेना. दुसऱ्या कुणाला दाखवावं, तर हाताचं बिंग फुटणार.

"मले वाटलं, ते बाई मेली असन. नाहीतर पोलिसात देतो म्हनून लिहिलं असन. चार वर्सं साहेब त्याच्यानंतर जिते होते. मी त्या रस्त्यानंच गेलो नाही. मातीले बी गेलो नाही, का काय तोंड दाखवू? मंग गाव उठलं, सामान काढता काढता पेटीत हे पाकीट हाती लागलं, तवा हिंमत करून तुमच्याकडं आलो होतो."

त्यांनी उशीखालून पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता मी अठ्ठ्याऐंशीचा झालो. शिवी असन त शिवी, पन आयकून जाऊ द्या मले."

मी कागद उघडला. सकाळचे दहा वाजले होते. सुनेनं खाट खिडकीशी ओढून दिली. थरथरत्या हाताचं अक्षर वाचताना रेघेच्या कडेला जायचं नसतं. हात डावीउजवीकडे उडतो, पण त्याला जायचं असतं एका दिशेला, ती दिशा धरायची. हे मला माहीत होतं, तरी पहिला तासभर काहीच हाती लागेना. मी जन्मभर पाठ केलेलं वळण इथे उपयोगाचं नव्हतं. आणि मग एकदम सुचलं. अक्षर सुखदेवजींचं असलं तरी त्या सगळ्या पत्रांतले शब्द तर डॉक्टरांचेच होते! मी तडक शेवटच्या ओळीवर गेलो. तिथे काय असणार, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कळावे. काळजी घ्यावी. बोटानं रेघ धरून गेलो, आणि होतं! क सापडला, ळ सापडला, घ आणि व सापडले. मी खाटेवर अक्षरशः उसळलो. सुनेच्या हातातली ताटली पडली.

त्यानंतर आम्ही दोघं भिडलो. मी रेघांवरून अंदाज सांगायचा, आणि सुखदेवजी डोळे मिटून साहेबांचं बोलणं आठवायचे. "परंतु नाही जी, साहेब परंतु म्हनतच नव्हते. पन असन." आणि खरोखर पणच निघाला. सून पाणी ठेवून गेली, जेवण ठेवून गेली, कुणी हात लावला नाही. दुसऱ्या ओळीत "बाई" लागलं तेव्हा सुखदेवजींनी माझं मनगट धरलं.

"तेच. मेली ना?"

पुढचा शब्द दोनच अक्षरांचा होता. मला तो वाचायला किती वेळ लागला देव जाणे. "आली. बाई आली होती, काकाजी! जिती होती!"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी थांबलो नाही, मला थांबवतच नव्हतं. तीनच्या सुमारास सगळं पत्र माझ्या वहीत उतरलं, आणि मी ते मोठ्यानं वाचलं.

"चि. सुखदेव यास आशीर्वाद. ती बाई आली होती. कुबडीवर चालते. तुझी चौकशी केली. मी रागात बोललो. चूक तुझी होती आणि माझीही होती. तुझ्या अक्षराला लोक डॉक्टर समजतात, हे मीच चालू दिले. इथे पत्रे साचली आहेत. दोन मी लिहून पाठवली, पण काय लिहिले आहे हे विचारत लोक ती परत घेऊन आले. हे पत्र तुला वाचता आले तर सोमवारी ये. वाचता नाही आले, तर काय लिहिले आहे ते विचारायला ये. कळावे. काळजी घ्यावी."

"पुन्हा वाचा," सुखदेवजी म्हणाले. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. ते आधी हसले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"म्हंजे वाचता आलं नाही, तरी जायाचंच होतं."

मलाही रडू आवरलं नाही. "काकाजी, माही मोठी चूक झाली. तेव्हाच बसून वाचलं असतं तर..."

"तवा बी साहेब नव्हतेच," ते म्हणाले. "पन झोप लागली असती जी." ते रागानं म्हणाले नाहीत. तरीही हे वाक्य माझ्या छातीत रुतून बसलंय, आणि ते तिथेच राहावं.

मी हाडाचा जमवणारा. डॉक्टरांच्या हातचं अस्सल पत्र माझ्या मांडीवर होतं, आणि ते मी मागितलं नाही. रविवारी घरी बसून एकोणीस पत्रं लिहिली, प्रत्येक संग्राहकाला एक. तुमच्याकडचे अक्षर डॉक्टरांचे नसून त्यांच्या कंपाउंडरचे आहे, तपासणी माझी चुकली, पत्र परत करायचे असल्यास अवश्य करावे. आतापर्यंत एकानं परत पाठवलंय. मुंबईच्या नाक मुरडणाऱ्या गृहस्थांनी मात्र कळवलं, की त्या कंपाउंडरचं आणखी काही मिळालं तर आधी मला सांगा. ताईंनी खोलीतल्या पत्रांखाली नव्या पट्ट्या लावायच्या ठरवल्या आहेत, "शब्द डॉक्टरांचे, अक्षर सुखदेव हटवार यांचे." हाताबद्दलही आता लिहा, असं त्यांनीच मला सांगितलं.

शनिवारी मी निघताना सुखदेवजींनी आज कोणता वार आहे ते विचारलं होतं. त्याप्रमाणे सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन गेलो. ते धुतलेलं धोतर नेसून अंगणात उभे होते. दवाखान्याच्या दारात ताई त्यांच्या पाया पडल्या. त्यांनी ताईंच्या डोक्यावर हात ठेवला, पण थांबले नाहीत. त्यांना वाट दाखवावी लागली नाही. ते सरळ त्या खोलीत गेले, रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहिले, टोपी काढली, आणि खिशातलं पत्र काढून पुढे धरलं. शनिवारपासून ते पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

"साहेब, तुमचं पत्र भेटलं," ते म्हणाले. "मले वाचता आलं नाही. काय लिहिलं आहे जी?"